सोडा म्हटल्यावर

डॉक्टरीणबाईंनी म्हाताऱ्याच्या भुवईखालच्या हाडावर अंगठा रोवला आणि चंद्रभागाबाईच्या तोंडून "आई गं" निघालं. इतकं मोठ्यानं, की शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको भाकरीचा तुकडा हातात धरून तशीच थांबली. डॉक्टरीणबाईंनी अंगठा काढला, मागं वळून पाहिलं आणि हसू दाबत म्हणाल्या, "आजी, तुम्ही नका ओरडू. आजोबांना ओरडू द्या. त्यांनी ओरडावं म्हणूनच करतेय मी हे." चंद्रभागाबाई ओशाळली. पदराचा बोळा तोंडात धरून भिंतीला टेकली. आपण ओरडलो हे तिचं तिलाही उशिराच कळलं होतं. नवऱ्याच्या वतीनं बोलायची सवय सगळ्या जन्माची. गावाकडं, तलवाड्याला, दारात कुणी येऊन विचारलं, गुडघा कसा हाय म्हणून, तर उंबऱ्याशी बसलेला नवरा विड्याचं पान चघळत गप्प राही आणि आतून चुलीपासून ही सांगे, "रातीला लई ठणकतो." विचारणाराही मग तिलाच पुढचं विचारी. आता दुखवलं त्यांना आणि कळ आली हिला, यात तिला तरी काही वावगं वाटलं नव्हतं. पण इथं ते चालत नव्हतं. इथं ज्याचं दुखणं त्यानंच बोलायला हवं होतं.

अंगठा पुन्हा टेकला. या खेपेला तिनं डोळे मिटून घेतले नाहीत. म्हाताऱ्याच्या कपाळावर आठी आली. डावा हात चादरीवरून उचलला गेला, गाळातून चालणाऱ्या माणसाच्या पायासारखा सावकाश, डॉक्टरीणबाईंच्या मनगटाच्या दिशेनं निघाला, छातीपर्यंत पोचला आणि तिथंच पडला. "बघितलं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुठं दुखतंय ते कळतंय त्यांना. हात तिकडं निघालाय." मग त्यांनी पापणी वर करून बॅटरीचा उजेड टाकला. काळी बाहुली आखडली, उजेड काढला तशी पुन्हा पसरली. चंद्रभागाबाईला वाटलं, इतकी वर्षं संसार झाला, पण या माणसाच्या डोळ्यात एवढ्या जवळून, एवढ्या उजेडात आपण कधी पाहिलंच नाही. कडेनं पिवळसर, मध्ये पिंगट, आणि पिंगटात तपकिरीचे ठिपके. ठिपके हायेत हे आज कळलं.

नवऱ्याचं नाव आसाराम. ते नाव तिच्या तोंडात कधी आलं नाही. ती मालक म्हणते, तेव्हा आपणही मालकच म्हणू. शेती बटईनं देऊन ती दोघं बीडला मुलाकडं राहायला आली, त्याला काही फार काळ लोटला नव्हता. मुलाचं, आदिनाथचं, एस.टी. स्टँडाजवळ मोबाईलची कव्हरं आणि चार्जर विकायचं दुकान. मालक रोज सकाळी त्या दुकानासमोर स्टूल टाकून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गाव विचारायचे. त्या दिवशी दाढी करून येत होते. रिक्षा मागं सरकली म्हणून हे मागं सरकले, आणि डोकं दुभाजकाच्या काठावर आपटलं. बस, एवढंच. रक्त बाहेर आलंच नाही, आत साचलं. कवटीला भोक पाडून ते काढलं, आणि डॉक्टर म्हणाले, आता वाट बघायची. तेव्हापासून मालक असे पडून होते. श्वास आपला आपण घेत होते, नाकातून नळी, डोक्याला पांढरं फडकं. दुखवलं की कण्हायचे, कधी डोळे किलकिले करायचे, कधी तेही नाही. डॉक्टरीणबाई, ज्यांना सगळे स्वप्ना मॅडम म्हणत, रोज सकाळी येऊन आधी हाक मारायच्या, मग खांदा हलवायच्या, मग दुखवायच्या. "हाकेला उठतात का, ते पहिलं. नाही उठले तर हलवून, आणि तरी नाही तर दुखवून. किती लांबून बोलावलं की येतात, ते बघायचं असतं," असं त्यांनी सांगितलं होतं. ते चंद्रभागाबाईला पटलं होतं. माणूस रानात किती आत गेलाय, हे हाक मारूनच तर कळतं.

हात धरून बसत जा, बोलत जा, असंही मॅडमनीच सांगितलं होतं. पण हात धरणं काही सोपं नव्हतं. दिवसाढवळ्या, नर्सा हिंडताहेत, लेक उभा आहे, सून डबा घेऊन आलीय, आणि आपण नवऱ्याचा हात धरायचा? लग्नात कंकणाच्या वेळी भटजीनं धरवला होता तेवढाच चारचौघांतला. पहिल्या दिवशी तिनं तो चादरीखाली धरला. चोरून. सून वर्षाराणीनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून खिडकीचा पडदा ओढून घेतला, तेव्हा त्या पोरीबद्दल तिला जी माया वाटली ती कुठं ठेवावी हे कळेना. चादरीखाली मालकांचा हात गरम होता आणि जड होता. तिनं बोटं तळहातात सरकवली आणि तो हात हळूहळू मिटला. घट्ट. तिच्या बोटांवर मिटला. तिला इतकं भरून आलं की तिनं तोंड दुसरीकडं फिरवलं.

मग रोज दुपारी, दवाखान्यातली वर्दळ जरा ओसरली की ती त्या हाताशी बोलत बसे. काय बोलत होती? काहीच नाही तसं. शेजारणीनं तुमचं स्टूल आत आणून ठेवलं. लिंबागणेशाला माझ्या भावकीतलं लगीन हाय, आपुन काय जाणार आता. आज डब्यात शेपू होता, तुमाला आवडत न्हाई ना, बरं झालं, तुमी झोपलात. असं. मालक जागे असताना त्यांनी हे कधीच ऐकून घेतलं नसतं. "बरं बरं" म्हणून उठून गेले असते. आता ते हात सोडत नव्हते. म्हातारपणी आपल्याला काहीतरी नवं मिळालंय असं तिला वाटू लागलं होतं, आणि हे वाटणं पाप तर नाही, असंही. लेक बापाला दादा म्हणे. तो विचारी, "माय, काय म्हणतेत डॉक्टर?" ती म्हणे, "डॉक्टर काय म्हणायचेत ते म्हणू दे. तुझे दादा माजा हात दाबतेत."

हे गावात पोचायला वेळ लागला नाही. तलवाड्याहून माणसं येऊ लागली. दोघा-तिघांच्या टोळीनं, पिशवीत केळी, तोंडावर दवाखान्यात यायचं म्हणून चढवलेलं गांभीर्य. आणि आजारी माणसाला भेटायला आलेलं माणूस जे विचारतं तेच प्रत्येकानं वाकून विचारलं, "मला वळखलं का?" पूर्वी आजारी माणूस डोळ्यांनी, मानेनं काही खूण करी. इथं हात होता. प्रत्येकानं आपली बोटं मालकांच्या तळव्यात ठेवली, प्रत्येकावर मूठ मिटली, आणि प्रत्येकजण ताठ होऊन म्हणाला, "वळखलं! दाबला हात!" बटईदारानं सांगितलं, न्हाव्यानं सांगितलं, मोटरसायकलवरून कुणा तिसऱ्याला सोडायला आलेल्या पोरानंसुद्धा सांगितलं. जाताना सगळे खूश असत. चंद्रभागाबाई त्यांना चहा पाजी, आणि कपबश्या विसळताना तिच्या मनात काहीतरी बारीक टोचे. न्हाव्याला वळखलं, ठीक. पण त्या पोराला? त्या पोराला तर मालकांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

मग गहिनीनाथ आला. भावकीतलाच, पण मोठा माणूस झालेला. जमीन, दोन ट्रॅक्टर, कुठल्या कुठल्या समितीवर, मागंपुढं पोरं. या गहिनीनाथला आदिनाथच्या लग्नाची पत्रिका मालकांनी स्वतः जाऊन दिली होती. येतो म्हणाला होता. मुहूर्ताला नवरा-नवरी उभी, अंतरपाट धरलेला, आणि माईकवर सांगताहेत की साहेब गेवराईपर्यंत आलेत, थोडा वेळ थांबा. थांबले. लोकांच्या हातातल्या अक्षता घामानं ओल्या झाल्या. वऱ्हाडातली लेकरं रडून झोपली. वर्षाराणीचा बाप मालकांकडं पाही आणि मालक रस्त्याकडं पाहत. गहिनीनाथ आलाच नाही, आणि नंतर कधी त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. त्या दिवसापासून तो समोर आला की मालक हात पाठीमागं बांधत. राम राम तोंडानं घालत, हात जोडत नसत, पुढं करत नसत. भर बाजारात, सभेत, मयताला गेले तरी हात पाठीमागं. "मालक, आता पुरे करा की," ती एकदा म्हणाली होती. ते म्हणाले, "माझ्या सुनंला उनात उभी ठुली त्यानं. माझे हात हायेत, मी ठरवीन."

तो गहिनीनाथ पांढऱ्याशुभ्र कपड्यात खाटेशी उभा राहिला. एका पोरानं मोबाईल वर धरला. "आसाराम," गहिनीनाथ वाकून म्हणाला, "कावून पडलास रे असा? मला वळखलं का?" आणि त्यानं अंगठ्या घातलेली चार बोटं मालकांच्या उजव्या तळहातात ठेवली.

चंद्रभागाबाई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिला वाटलं, आता नाही. आता हा हात काही मिटायचा नाही. बाकी सगळं विसरतील, पण हे नाही. ती त्या बोटांकडं बघत राहिली, आणि बोटं मिटली. जशी तिच्या हातावर मिटत तशीच, आधी करंगळी, मग बाकीची, सावकाश आणि घट्ट.

"दाबला बे!" गहिनीनाथ ओरडला. "घे फोटू घे! इतक्या सालाचा राग गेला बघा भावाचा." त्याच्या डोळ्यात खरंच पाणी आलं होतं. मग तो हात काढून घेऊ लागला तर निघेना. ओढला तसा मालकांचा हात आणखीच आवळला. अंगठ्या रुतल्या. "आरं, आरं, सोड की आता," तो हसत म्हणाला. मग हसू कमी झालं. पोरांपैकी एकजण पुटपुटला, "सायेब, काकांनी वसुली धरली बगा," आणि दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. शेवटी नर्सनं येऊन एकेक बोट उचलून तो हात मोकळा केला.

ती माणसं गेल्यावर चंद्रभागाबाई मालकांजवळ बसली, पण तिनं हात धरला नाही. आपले हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली. मत्सर म्हणावं तर हे काय वय होतं? पण ते दुसरं काही नव्हतं. जे आपल्या एकटीचं म्हणून चादरीखाली लपवलं, ते कुणालाही मिळत होतं. आणि त्याच्याही खाली, त्याहून गार, दुसरी एक गोष्ट होती. हे मालक नव्हते. मालकांनी गहिनीनाथचा हात धरला नसता. मग आपला कुणी धरला? इतक्या दुपारी आपण शेपूचं आणि लग्नाचं सांगत बसलो ते कुणाला?

मॅडम संध्याकाळी आल्या तेव्हा तिनं सरळ विचारलं. स्वप्ना मॅडम काही बोलायच्या आधी स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या, आणि त्या बसल्या म्हणूनच ती घाबरली. "आजी," त्या म्हणाल्या, "लहान बाळाच्या तळहाताला बोट लावलं की मूठ मिटते ना? ती बाळ ठरवून मिटत नाही. मोठं झालं की मेंदूचा पुढचा भाग ती सवय दाबून टाकतो. आजोबांचा नेमका तोच भाग दुखावलाय. म्हणून तळव्याला काही लागलं की मूठ मिटते. माझं बोट, तुमचं बोट, पेन ठेवा, खाटेचा दांडा ठेवा."

"मंजी त्यास्नी कळत न्हाई?"

"तसं नाही म्हणत मी. कळत असेलही. पण मूठ मिटली म्हणजे कळलं, असं नाही. दाबा म्हटल्यावर दाबलं, यावर मी विश्वास ठेवत नाही. सोडा म्हटल्यावर सोडलं, तर मात्र ऐकलं म्हणायचं. मिटणं आपोआप होतं, सोडायला माणूस लागतो." त्यांनी उठून तिच्यासमोर करून दाखवलं. आपली दोन बोटं दिली, मूठ मिटली. "आजोबा, सोडा. हात सोडा." मूठ तशीच. पुन्हा मोठ्यानं. तशीच. "रोज करते मी हे. काही वेळा वर येतात, काही वेळा खाली जातात. एका वेळच्या तपासणीवर मी कधी ठरवत नाही."

मॅडम जायला निघाल्या तेव्हा चंद्रभागाबाईनं पुन्हा थांबवलं. काय विचारायचं ते तिला नीट जुळवता येईना. "आन् लेकराची मूठ बी? ती बी हाताचीच?" मॅडम तिच्याकडं बघत राहिल्या. त्यांना काहीतरी कळलं असावं. "बाळाला आई कळते, आजी. वासानं, आवाजानं कळते. मूठ तेवढी..."

ते लेकरू उसाच्या फडावर झालं होतं. आदिनाथच्या आधीचं, मुलगी. तेव्हा ती दोघं पावसाळा सरला की टोळीबरोबर कारखान्याच्या मुलखात ऊस तोडायला जात. चटईच्या कोपीत, गाडीवानांच्या बायकांच्या हातून बाळंतपण झालं. नाव ठेवायचं गावाकडं गेल्यावर, असं ठरलं होतं. गाव आलंच नाही तिच्या वाट्याला. दिसायला कशी होती हे आता चंद्रभागाबाईला आठवत नाही. खरंच नाही, कितीदा प्रयत्न केला तिनं, चेहऱ्याच्या जागी आदिनाथचाच चेहरा येतो. राहिली होती ती फक्त मूठ. काडीएवढ्या बोटांनी तिनं आईची तर्जनी धरली होती, आणि शेवटीशेवटी दूध ओढायचं थांबली तरी धरूनच होती. तेवढ्यावर तिनं इतकी वर्षं काढली. मला वळखत होती, जाताना धरून होती मला. कुणाला हे सांगितलं नव्हतं, मालकांनाही नाही. आणि आज एक चांगली, मायाळू पोरगी स्टुलावर बसून सांगून गेली की तसं काही नसतं. तिला मॅडमचा राग आला नाही. पण ती बराच वेळ आपल्या उजव्या हाताच्या तर्जनीकडं बघत बसली, आणि मग ते बोट तिनं दुसऱ्या मुठीत धरलं.

आदिनाथ आला तो भावकीचं ऐकूनच. गहिनीनाथनंच गाडी देऊ केली होती, सकाळी येणार होती. "माय, सगळे म्हणतेत, दादांना गावाकडं न्या. त्यांच्या दारात तरी... आन् मला बघवत न्हाई ते. रोज सकाळी त्यांना टोचायचं, दाबायचं. काय घोडं मारलंय माझ्या बापानं?" वर्षाराणी मागं उभी राहून म्हणाली, "मॅडम म्हणतेत थांबा. मामांना घरी नेलं तर नळी कोण बघणार, कूस कोण बदलणार?" "मॅडमला काय, तिचं कामच हाय थांबा म्हणायचं," आदिनाथ म्हणाला, आणि लगेच ओशाळला. मग आईकडं वळला. "माय, तू सांग. तू म्हणशील ते. मॅडमनं मला सांगितलं ते सोडायचं. मी करून बघितलं, माझं काय ऐकत न्हाईत. तू एकदा म्हण. तुझं ऐकून सोडला हात, तर न्यायचं न्हाई. मी गहिनीकाकाला तोंडावर सांगतो."

"मी न्हाई म्हणणार," ती म्हणाली.

"कावून?"

काय सांगणार? मागायचं तर धर म्हणून मागतं माणूस. आपणच आपल्या तोंडानं सोडा म्हणायचं, आणि मग बघत बसायचं. नाही सोडला तर? तर आत कुणी नाही. मग तो हात म्हणजे खाटेचा दांडा, आणि त्या सगळ्या दुपारी दांड्याशी बोलणं. मग त्या फडावरच्या मुठीतही कुणी नव्हतं. तिला दोन्ही मुठी एकच वाटू लागल्या होत्या, एक उघडली की दुसरीही उघडणार. नाही विचारलं तर निदान ठाऊक नसल्याचं सुख होतं. "न्या म्हणतेत तर न्या," ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली. लेक रडायला लागला तरी ती वळली नाही.

सकाळी गाडी आली. खाली हॉर्न वाजला तो वरपर्यंत ऐकू आला. मॅडमनी आदिनाथच्या सह्या घेतल्या, नळी कशी सांभाळायची ते वर्षाराणीला दोनदा सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "नेण्याआधी मी शेवटचं एकदा तपासते." त्यांनी हाक मारली. डोळे किलकिले झाले. बोटं दिली, मूठ मिटली. सोडा म्हटलं. मूठ तशीच. मॅडमनी मान खाली घातली आणि वॉर्डबॉयला हात केला.

मालकांना खाटेवरून स्ट्रेचरवर घ्यायचं होतं. खालची चादर चारी बाजूंनी धरून उचलायचं. डोक्याकडं वॉर्डबॉय, कमरेशी आदिनाथ, पायाशी वर्षाराणी. एक कोपरा रिकामा होता, तो चंद्रभागाबाईनं धरला. कुणी सांगितलं नव्हतं. ओझं उचलायचं म्हटलं की तिचे हात आपोआप पुढं होत. उचललं, आणि अडकलं. मालकांच्या उजव्या हातात खाटेचा लोखंडी दांडा आला होता आणि त्यावर मूठ मिटली होती. "थांबा, थांबा, हात धरलाय," आदिनाथ म्हणाला. "दादा, सोडा. सोडा हो." वॉर्डबॉय म्हणाला, "आजोबा, घरी चाललोय ना? सोडा मग." अर्धवट हवेत लोंबकळलेलं ते ओझं एका अंगाला कलू लागलं. सगळा भार चंद्रभागाबाईच्या कोपऱ्यावर आला. तिनं पाय फाकवले, कंबर घट्ट केली, भार अंगावर नीट बसवला, आणि तो बसला तशी ती म्हणाली, "हां. सोडा."

हे तिनं मालकांना म्हटलं नव्हतं. म्हणजे, म्हटलं होतं, पण आजच्या मालकांना नाही. फडात उसाची मोळी बांधून झाली की मालक एका बाजूनं ती उचलत, ती वाकून चुंबळ ठेवलेलं डोकं मोळीखाली घाली, आणि तो सगळा ओला, रसानं चिकट भार दोघांच्या मध्ये तरंगत राही. तिची मान स्थिर होईपर्यंत ते धरून ठेवत. मग ती म्हणे, हां, सोडा, आणि ते सोडत. आधी कधी नाही. पलीकडच्या कोयत्यावरचा, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीतला, गडी बायकोच्या डोक्यावर मोळी टाकून मोकळा व्हायचा. एकदा ती बाई गाडीत चढायच्या फळीवरून मोळीसकट पडली. मालक तसे नव्हते. ते तिच्या शब्दाची वाट बघत. पोट पुढं आलं होतं त्या हंगामात तर ती सोडा म्हणाली तरी विचारत, "नीट बसली का?" आणि ती पुन्हा म्हणे, "बसली म्हणते ना, सोडा." दिवसभरात दुसरा शब्द नसे दोघांत. उन्हात, धुळीत, पानांनी कापलेल्या हातांनी, तेवढा एकच शब्द, पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं. त्या शब्दात विनवणी नव्हती आणि हुकूमही नव्हता. आता हे माझ्याकडं आलं, एवढंच त्यात होतं.

आणि दांड्यावरची मूठ उघडली.

वॉर्डबॉय पुढं ओढणार तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "थांबा. खाली ठेवा." त्यांच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं. चादर पुन्हा खाटेवर टेकली. "आजी, काय म्हणालात तुम्ही?" चंद्रभागाबाईला कळेना. "मी कुठं काय..." "आत्ता. काय म्हणालात? परत म्हणायचंय तुम्हाला. एकदा झालं ते योगायोगानंही होतं. मला दुसऱ्यांदा बघायचंय." आणि त्यांनी तिचा हात धरून मालकांच्या तळहातात ठेवला. उघड्यावर, चादरीवर, सगळ्यांच्या देखत.

मूठ मिटली. आधी करंगळी, मग बाकीची. गरम, जड, ओळखीची. लेक बघत होता, सून बघत होती, पलीकडच्या खाटेवरची बाई उठून उभी राहिली होती. चंद्रभागाबाईनं लगेच काही म्हटलं नाही. मॅडमनीही वाट पाहिली. हे एवढंसं धरून राहणं तिला आणखी थोडं हवं होतं. नंतर काय होणार ते कुणाला ठाऊक. तिनं खाली पाहिलं. मालकांचे डोळे किलकिले होते. पिंगटात ठिपके होते. मग तिला एकाएकी वाटलं की आपण या माणसाला उगाच ताटकळत ठेवलंय. भार कधीचा बसलाय आणि आपण सांगत नाही, आणि ते बिचारे हात वर करून उभे.

"बसली," ती हळूच म्हणाली. "नीट बसली. सोडा आता."

क्षणभर काहीच झालं नाही. मग अंगठा हलला. तर्जनी सैल झाली, तिच्या मागून मधलं, आणि करंगळी सगळ्यात शेवटी, राहायचं मन असल्यासारखी. मूठ पुरती उघडली, आणि चंद्रभागाबाईचा हात त्या उघड्या तळव्यावर नुसता ठेवलेला राहिला.

"आहेत," मॅडम म्हणाल्या. डोळे पुसायला त्यांना सवड नव्हती, त्या लगेच आदिनाथकडं वळल्या होत्या. "लांब आहेत अजून. खूप लांब आहेत. बोलतील का, चालतील का, मी काही सांगू शकत नाही. पण ऐकतायत. मी नेऊ देणार नाही आता." आदिनाथ खाटेचा दांडा धरून हुंदके देत होता आणि वर्षाराणी त्याच्या पाठीवर हात फिरवत होती, दोघंही चारचौघांत, कुणाला लाज नव्हती.

"रडतो काय," चंद्रभागाबाई म्हणाली. "खाली जा आन् गाडी माघारी लाव. गहिनीनाथला म्हणावं, मालकांची अजून कामं हायेत."

तिनं आपला हात उचलून घेतला आणि पदराखाली नेला. तो हात तिला भलताच मोकळा, उघडा वाटत होता, जन्मभराची काकणं कुणी काढून घेतल्यासारखा. त्यावर मालकांच्या बोटांचे पांढरे वळ होते आणि ते हळूहळू लाल होत होते. फडावरच्या त्या लेकराचं काय, ते तिला आजही कळलं नव्हतं, आता कळणारही नव्हतं. त्याला सोड असं कुणी म्हटलंच नव्हतं. ती स्टूल ओढून बसली. मालकांनी डोळे मिटले होते. दमले असतील. तिला ठाऊक होतं, बोट पुढं केलं की तो हात पुन्हा मिटेल, आणि ते मिटणं त्यांचं नसेल. तरी थोड्या वेळानं, मॅडम गेल्यावर, तिनं बोट पुढं केलं.